घाटेकाकांचा दुसरा ब्रश

परवा माझ्या बहिणीच्या मुलाने, ओमने, पुण्याहून एक फोटो पाठवला. बोटभर उंचीची काळी बाटली, तिच्यावर सोनेरी अक्षरं. दाढी करण्याआधी गालाला लावायचं तेल म्हणे. खाली विचारलं होतं, "मावशी, ये लेना चाहिए क्या? की फालतू आहे?" ओमला मराठी सगळी समजते, लिहिताना मात्र अर्ध्या वाटेत हिंदी लागते.

पंचविशीतल्या पोराने दाढीच्या तेलाबद्दल पन्नाशीतल्या मावशीला विचारावं, हे दुसऱ्या कुणाला विचित्र वाटेल. आमच्या घरात नाही. मी दोन पुरुषांची दाढी केलेली बाई आहे, आणि हे काम मी एका खऱ्या इन्स्पेक्टरच्या हाताखाली शिकले. मी ओमला लिहिलं, "संध्याकाळी सांगते." संध्याकाळ तशीच गेली, कारण घाटेकाका आठवले की माझं बाकी सगळं राहून जातं.

मनोहर घाटे हे गढा नावाच्या आमच्या वस्तीतले शेजारी. दोन्ही घरांचा ओटा एकच, मधे वीतभर उंचीची भिंत. त्या भिंतीचा उपयोग दोन्ही घरांनी फक्त चहाचे कप ठेवायला केला. काका फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. तिथे तयार झालेला पार्ट त्यांच्या टेबलावर यायचा, ते त्याला गेज लावून माप पाहायचे आणि मापात बसला नाही तर खडूने त्याच्यावर फुली मारायचे. रिटायर झाल्यावर टेबल सुटलं, खडू सुटला नाही. सदऱ्याच्या खिशात पांढऱ्या खडूचा तुकडा कायम असायचा. ओट्याची फरशी हलली, फुली. नवीन आणलेल्या बादलीची कडी सैल, फुली. काकूंच्या पोळपाटाचा एक पाय आखूड निघाला तेव्हा त्याच्यावरही फुली पडली. काकूंनी ती तीन दिवस पुसली नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला मुद्दाम ठेवली.

"चांगलं" हा शब्द काकांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्यांची सगळ्यात वरची पायरी म्हणजे "चालून जाईल". मी गणितात एम. एस्सी. झाले तेव्हा पेढे घेऊन गेले. काकांनी पेढा खाल्ला, मार्कशीट पुढून पाहिली, मागून पाहिली आणि म्हणाले, "चालून जाईल."

काकू आतून ओरडल्या, "अहो, पोरीला चांगलं म्हणा न!"

"म्हटलं न चालून जाईल. रिजेक्ट कुठे केलं?"

मला त्यांचा तेव्हा राग आला होता. पुढे शाळेत शिकवायला लागले, तेव्हा कळलं की सगळ्यांना "छान, छान" म्हणणाऱ्याच्या "छान"ला कुणी विचारत नाही.

काकांची दाढी हा आमच्या गल्लीचा सकाळचा कार्यक्रम होता. सात वाजले की ते स्टीलचा मग गरम पाण्याने काठोकाठ भरून स्वयंपाकघरातून ओट्यावर आणायचे. काठोकाठ म्हणजे खरंच काठोकाठ, वर पाण्याची फुगलेली कड दिसायची. दोन उंबरे ओलांडायचे आणि एक थेंब सांडू द्यायचा नाही. सांडला तर त्या दिवशी दाढी नाही. "ज्या दिवशी हात हलला त्या दिवशी हत्याराला शिवायचं नाही," असा त्यांचा फॅक्टरीतला नियम होता, तो त्यांनी स्वतःच्या गालालाही लावला. इतक्या वर्षांत दाढी चुकल्याचे दिवस फार तर दोन-चार, तेही तापाचे.

भिंतीच्या अलीकडे त्याच वेळी माझे बाबा दाढीला बसायचे. बाबा संस्कृतचे मास्तर, बरीच वर्षं मझौली गावच्या शाळेत होते. तिथून बदलून आले तरी तिथल्या घाण्याचं तिळाचं तेल त्यांनी सोडलं नाही. त्यात वाळ्याची मुळी टाकून बाटली खिडकीत ठेवायचे. दाढीआधी चार थेंब तळहातावर घेऊन डोळे मिटून गालांवर, हनुवटीवर, गळ्यावर सावकाश चोळायचे. हे झालं की मग साबण. काका भिंतीपलीकडून पाहत राहायचे आणि रोज तेच बोलायचे.

"मास्तर, हे काहून करून राहिले तुम्ही? गरम पाणी, दाट फेस आन् नवं ब्लेड. बाकी सब दिखावा आहे. तेलाने फेस मरते, ब्लेड बुजते."

"इन्स्पेक्टर, तुमच्या गालाला गेज लावलं आहे, माझ्या गालाला त्वचा आहे."

"त्वचा आम्हालाही आहे न जी."

"असेल. तपासून घ्या एकदा."

हा वाद मी शाळेत होते तेव्हापासून ऐकत आले. वादात कुणी आवाज चढवला नाही आणि कुणी माघारही घेतली नाही. एकदा बाबा आत फोन घ्यायला गेले, तेवढ्यात काकांनी हात लांबवून तेलाच्या बाटलीवर खडूने फुली मारली. बाबांनी ती पुसली नाही. पुसट झाली की काका पुन्हा गिरवायचे आणि बाबा बाटली त्यांच्याकडे वळवून धरायचे.

रिटायर होऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर काकांनी एके दिवशी जाहीर केलं की नुसतं बोलून भागायचं नाही, टेस्ट घेतली पाहिजे. एक महिना. स्वतःच्या चेहऱ्यावर. डाव्या गालाला तेल, उजव्या गालाला नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी पट्टीने रकाने आखले: दिवस, डावी, उजवी, शेरा. तपासनीस म्हणून काकूंची नेमणूक झाली. दाढी झाली की काकूंनी डोळे मिटून दोन्ही गालांवरून हात फिरवायचा आणि सांगायचं. भर ओट्यावर, गल्लीदेखत. पहिल्या दिवशी काकू लाजून आत पळाल्या. दुसऱ्या दिवशी कणकेच्या हातानेच बाहेर आल्या, दोन्ही गालांना कणीक लावली आणि म्हणाल्या, "दोन्ही सारखेच. खरबरीत." काकांनी गंभीरपणे लिहून घेतलं.

महिना सरला. काकूंचा शेरा रोज तोच. काका कॅलेंडर घेऊन भिंतीशी आले. त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मला आठवतो. हसत नव्हते, पण हसायची तयारी होती.

"पाहा मास्तर. डावी, उजवी, रत्तीभर फरक नाही. तेल रिजेक्ट."

बाबांनी सगळे रकाने बोट ठेवून वाचले. मग चष्मा काढून विचारलं, "इन्स्पेक्टर, ब्रश किती वापरले?"

"ब्रश? एकच आहे न आपला."

"आणि फेस आधी कोणत्या गालाला लावत होतात?"

काकांनी आधी डाव्या गालाला हात लावला, मग उजव्या. तेल लावलेल्या डाव्या गालावर ब्रश फिरवायचे आणि तोच तेलकट ब्रश उजवीकडे न्यायचे. महिनाभर दोन्ही गालांना तेल लागत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातली चूक पकडलेला माणूस स्वतःच्या ब्रशमध्ये अडकला होता.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, थोडंसं तेल गेलं तर काय बिघडलं. काकांनी खिशातून खडू काढला, कॅलेंडर भिंतीवर पसरलं आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोठी फुली मारली. पुसली जाईल म्हणून वर पेन्सिलीनेही गिरवली.

"पूरी टेस्ट रिजेक्ट," ते म्हणाले. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी," बाबा म्हणाले. "म्हटलं, महिना होऊ द्यावा."

काकू हसता हसता ओट्यावर बसल्या. काका मात्र त्याच दिवशी बाजारात जाऊन दोन नवे ब्रश घेऊन आले, एक काळ्या मुठीचा, एक लाल मुठीचा. काळा तेलाचा, लाल बिनतेलाचा. नवी टेस्ट दिवाळी झाली की सुरू करायची असं ठरलं.

दिवाळीच्या आधी बाबांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं वर्गांना शब्द चालवायला शिकवले, त्याच्या तोंडून आता "हं" आणि "नको" एवढंच यायचं, तेही वाकडं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पांढरी दाढी चांगलीच वाढली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, बहीण भोपाळला, घरात मी एकटी. नाक्यावरच्या सलूनवाल्या भैयाला बोलावलं. त्याने गालाला हात लावताच बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच. तो दोनदा आला, दोनदा परत गेला. जुने विद्यार्थी भेटायला यायचे आणि बाबा डाव्या हाताने चादर तोंडावर ओढून घ्यायचे. लोकांना वाटायचं, झोपलेत. ते झोपलेले नसायचे. आपला हा चेहरा त्यांना कुणाला दाखवायचा नव्हता, आणि मला त्याचं काही करता येत नव्हतं.

एका सकाळी सात वाजता काका दारात उभे राहिले. हातात काठोकाठ भरलेला मग, काखेत टॉवेल, खिशात दोन्ही ब्रश. एक थेंब न सांडता ते पलंगापाशी आले.

"चला मास्तर. बहुत हो गया. बाहेर बसा."

आम्ही दोघांनी धरून बाबांना ओट्यावरच्या खुर्चीत बसवलं. काकांनी त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल खोचला, लाल मुठीचा ब्रश पाण्यात बुडवला. तेवढ्यात बाबांनी डावा हात उचलला आणि खिडकीकडे दाखवलं. तिथे फुली मारलेली बाटली होती. काकांनी बाटलीकडे पाहिलं. मग लाल ब्रश ठेवून त्यांनी काळा उचलला.

"हरलो नाही मी, सांगून ठेवतो," ते म्हणाले. "पेशंटचा नियम वेगळा असते."

त्यांनी तळहातावर तेल घेतलं आणि बाबांच्या गालावर चोळायला सुरुवात केली. आधी नुसतं लावायचं म्हणून लावत होते. मग हात सावकाश झाला. वाकड्या झालेल्या ओठाजवळ ते फार वेळ थांबले. बाबांनी डोळे मिटले होते, रोज मिटायचे तसेच. दवाखान्यातून आल्यापासून त्यांच्या चेहऱ्याला हात लागला होता तो औषध घालायला, नाहीतर लाळ पुसायला. मी दारात उभी होते आणि मला रडू आलं. काकांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "मंजू, रडायचं असेल तर आत जा. इथे ब्लेड आहे."

दाढी झाल्यावर बाबांनी स्वतः आरशाकडे हात केला. त्या दिवसापासून चादर तोंडावर ओढणं बंद झालं.

एक दिवसाआड काका येत राहिले. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मग एका सकाळी ते मग घेऊन आले आणि आमच्या उंबऱ्याशी थांबले. फरशीवर पाणी सांडलं होतं. थेंबभर नव्हे, मगापासून थेट त्यांच्या दारापर्यंत ओळ होती. काका ती ओळ पाहत उभे राहिले. त्यांनी मग खाली ठेवून दोन्ही हात समोर धरले. उजव्या हाताची बोटं हलत होती. मी म्हटलं, "काका, दमला असाल, बसा थोडं."

"दमलो नाही. माप चुकलं," ते म्हणाले. टॉवेलने त्यांनी स्वतः फरशी पुसली आणि रेझर माझ्या हातात दिलं. "आजपासून तू."

मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर मला भीती ब्लेडची नव्हती. बाबांच्या पाया आम्ही दर सणाला पडायचो, पण त्यांच्या गालाला हात लावून मला किती वर्षं झाली होती ते आठवत नव्हतं. बहुतेक मी चालायला लागले तेव्हापासून नाही. काका म्हणाले, "काहून? गणित शिकवते न? हे त्याहून सोपं आहे."

मग त्यांनी शिकवलं. मागे उभं राहून, एकदाही हात न लावता. केस कुठल्या दिशेला झोपलेत ते आधी बोटांनी पाहायचं. रेझर दाबायचं नाही, त्याला स्वतःचं वजन आहे, तेवढं पुरे. गळ्यापाशी आलं की श्वास रोखायचा नाही, कारण आपण रोखला की समोरचाही रोखतो. आणि तेल. "तेल भरपूर घे. माझ्या हाताला नव्हतं लागत. शिकाऊ हाताला पाहिजे. रेझर घसरलं तरी कापणार नाही." माझा हात हनुवटीवरून एकदा घसरलाच. रक्त आलं नाही. काकांनी खिडकीतली बाटली उचलली, अंगठ्याने फुलीतली एक रेघ पुसली आणि दुसरी तशीच ठेवून बाटली परत जागेवर ठेवली.

दाढी झाल्यावर त्यांनी वाकून बाबांच्या गालावरून बोटं फिरवली. "चालून जाईल," म्हणाले. एम. एस्सी.च्या वेळी आला होता तसा राग मला या वेळी आला नाही.

त्यानंतर काका रोज यायचे, रिकाम्या हाताने, नुसते पाहायला. आणि थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की त्यांचीच दाढी वाढते आहे. सात वाजताचा मग बंद झाला होता. काकूंना त्यांनी सांगितलं होतं, "सर्दी झाली आहे, म्हणून वाढवून राहिलो." काकूंनी मला एकीकडे घेऊन सांगितलं, "मंजू, सर्दी कसली. परवा त्यांनी रेझर कागदात गुंडाळून कपाटात ठेवलं. वरून खडूने फुली मारली आहे." काकू हे सांगताना हसायला गेल्या, पण त्यांना हसता आलं नाही. सलूनवाल्याकडे काका जाणार नव्हते. त्याचे सगळे रेझर त्यांनी पूर्वीच रिजेक्ट केले होते. मला विचारायची हिंमत होत नव्हती. ज्याने शिकवलं त्याला "बसा, मी करते" कसं म्हणायचं?

बाबांनी म्हटलं. त्यांची दाढी झाली होती, मी ब्रश धुवायला निघाले होते. बाबांनी डाव्या हाताने शेजारच्या स्टुलावर थाप मारली. काकांकडे पाहिलं आणि पुन्हा थाप मारली.

"काय मास्तर?"

"इन्स," बाबा म्हणाले. पुढचं त्यांना जमेना. "इन्स. बस."

काका इकडेतिकडे पाहायला लागले. गल्लीत वर्दळ होती. मग गल्लीकडे तोंड करून ते स्टुलावर बसले, खांदे ताठ करून, फोटो काढायला बसतात तसे. मी त्यांना टॉवेल बांधला. बाबांनी बाटलीकडे हात केला. मी त्यांच्या डाव्या तळहातावर चार थेंब तेल टाकलं. बाबांनी तो हात काकांच्या जवळच्या गालावर ठेवला आणि चोळू लागले. सावकाश, कानापासून हनुवटीपर्यंत. काका आधी तसेच ताठ होते. मग त्यांचे डोळे मिटले. पलीकडच्या गालापर्यंत बाबांचा हात पोहोचेना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी हात खाली घेतला. मी तेल लावायला पुढे झाले, तर काका डोळे मिटूनच म्हणाले, "राहू दे. ती बाजू बिनतेलाची." आणि खिशातून लाल मुठीचा ब्रश काढून माझ्यापुढे धरला. काळ्याने एक गाल, लालने दुसरा. दाढी झाल्यावर काकूंनी बाहेर येऊन, कुणी न सांगता, डोळे मिटून दोन्ही गालांवरून हात फिरवला.

"दुसरं कॅलेंडर आण," काका म्हणाले. "लिही. उजवी तेल, डावी बिनतेल. शेरा: टेस्ट चालू ठेवावी."

घाटेकाका गेल्या पावसाळ्यात गेले. झोपेतच गेले, आदल्या दिवशीची दाढी गुळगुळीत होती. कॅलेंडरची पाठ भरली होती, त्याला जोडलेले आणखी चार कागद भरले होते, आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात शेवटपर्यंत एकच ओळ होती. आता मी एकट्या बाबांची दाढी करते, काळ्या ब्रशने. लाल ब्रश मगात कोरडा उभा असतो. काकांची आठवण मला रोज सकाळी सातला येते. बाबांनाही येत असावी, कारण कधीकधी ते स्टुलाकडे पाहत हात तसाच तेलकट ठेवतात, पुसू देत नाहीत.

ओमला काय लिहू? तेलाचा निकाल आमच्याकडे लागला नाही. मला दिसतात ते काका, मी केलेल्या त्यांच्या पहिल्या दाढीनंतरच्या दुसऱ्या सकाळचे. मी मग घेऊन बाहेर आले, तर ते आधीच येऊन बाबांच्या शेजारी त्याच स्टुलावर बसले होते, पण उलटे. गल्लीकडे पाठ, समोर आमच्या घराची भिंत. काकू पलीकडून ओरडल्या, "अहो, तोंड भिंतीकडे करून काहून बसून राहिले?"

काकांनी दुसरा गाल बाबांच्या हाताखाली सरकवला आणि डोळे मिटून घेतले.

"आज डाव्याची पाळी आहे," ते म्हणाले.